जेलवरच्या पट्ट्यांवरून दोष ठरवू नका: संसर्ग नियंत्रण समित्यांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांच्या संसर्ग नियंत्रण समित्यांचे सन्माननीय सदस्य,
तसेच बुरशीच्या वाणांची, म्हणजे एकाच प्रजातीतल्या उपप्रकारांची, डीएनए तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख

स. न. वि. वि.

मी गेली 22 वर्षे रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते आणि त्यातली बहुतेक वर्षे बुरशीच्या टेबलावर गेली आहेत. गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीने एक परिपत्रक काढले. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये राखून ठेवलेल्या, एक वर्षाहून जुन्या बुरशीच्या सर्व नळ्या जागेअभावी नष्ट कराव्यात आणि ज्या साथींचा तपास ‘पूर्ण’ झाला आहे त्यांचे नमुने पुन्हा तपासणीस पाठवू नयेत, असा त्याचा आशय आहे. त्या नळ्यांपैकी पाच नळ्यांशी माझा व्यक्तिगत संबंध आहे. त्यांच्या पहिल्या अहवालावर माझी सही आहे आणि तो अहवाल चुकीचा होता.

घडले ते असे. दोन वर्षांपूर्वी नवजात अतिदक्षता विभागात सहा आठवड्यांच्या काळात चार बाळांच्या रक्तात कँडिडा पॅराप्सिलोसिस वाढली. ही यीस्ट निरोगी माणसांच्या हातांवरही आढळते, शिरेतल्या कॅथेटरच्या प्लास्टिकवर थर धरते आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये रक्तसंसर्ग घडवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. त्यामुळे विभागातील सर्वांच्या हातांचे नमुने घेणे योग्यच होते. एका परिचारिकेच्या हातावर तीच प्रजाती मिळाली. पाचही नमुन्यांची आरएपीडी या डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे ताडणाऱ्या पद्धतीने, एकाच प्रायमरने (डीएनएची नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्याने) तपासणी झाली, जेलवर पट्टे सारखे उमटले आणि मी ‘पाचही नमुने एकाच वाणाचे दिसतात’ असे लिहून दिले. ‘दिसतात’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला होता. समितीच्या इतिवृत्तात त्याचे ‘आहेत’ झाले. त्या परिचारिकेची विभागातून बदली झाली, तिच्या सेवापुस्तकात नोंद झाली आणि तपास संपला.

सात महिन्यांनी मला दुसऱ्या एका प्रयोगशाळेत त्याच पाच नळ्यांची मायक्रोसॅटेलाइट तपासणी (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची मोजणी) करून घेण्याची संधी मिळाली. दोन बाळांचे नमुने एकमेकांशी जुळले. उरलेल्या दोन बाळांचे वाण या जोडीपासून वेगळे होते आणि परस्परांशीही जुळत नव्हते. परिचारिकेच्या हातावरचा वाण तर कुणाशीच जुळला नाही. मी हा निकाल समितीला लेखी कळवला, त्यावर ‘सदर तपास पूर्ण झालेला आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. एका व्यक्तीवर अन्याय झाला, हा या गोष्टीचा अर्धा भाग आहे. जी दोन बाळे खरोखर एकाच वाणाने आजारी पडली, त्यांना जोडणारा दुवा कोणीच शोधला नाही, कारण दुवा सापडला आहे अशी सर्वांची खात्री झाली होती. हा दुसरा अर्धा भाग मला अधिक बोचतो.

त्या परिचारिकेची ओळख उघड होऊ नये म्हणून या पत्रात मी रुग्णालयाचे किंवा स्वतःचे नाव देत नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत इतर रुग्णालयांतून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या अहवालांतही मी ह्याच चुका पाहिल्या आहेत, म्हणून हे पत्र एका समितीला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

माझी पहिली तक्रार अशी की, प्रजाती ओळखणे आणि वाण ओळखणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपले अहवाल विसरतात. आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशीची प्रजाती ओळखण्यासाठी सर्वमान्य आहे आणि 2012 मध्ये तो बुरशींचा अधिकृत ‘बारकोड’ म्हणून सुचवला गेला, तोही त्याच कामासाठी. एका प्रजातीतल्या असंबंधित रुग्णांच्या नमुन्यांतही हा क्रम हुबेहूब सारखा असू शकतो. तरीही ‘आयटीएस क्रम 100 टक्के जुळतो, म्हणून स्रोत एकच’ असे वाक्य मी छापील अहवालांत वाचले आहे. दोन माणसे मराठी बोलतात म्हणून ती एकाच घरातली ठरवण्यासारखे हे आहे. औषधप्रतिकाराच्या जनुकांबाबतही तोच घोटाळा होतो. पॅराप्सिलोसिसच्या ईआरजी11 जनुकातला वाय132एफ हा बदल किंवा अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसमधला टीआर34/एल98एच हा बदल दोन रुग्णांत सापडला, तर त्यावरून औषध कोणते चालणार नाही हे कळते. संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला हे मात्र त्याने सिद्ध होत नाही, कारण तोच बदल वेगवेगळ्या वंशांत आढळू शकतो.

दुसरी तक्रार आरएपीडीबद्दल आहे आणि ती मी स्वतःविरुद्धही करत आहे. 1990 मध्ये पुढे आलेली ही पद्धत आपल्याला प्रिय का झाली, ते मला चांगले ठाऊक आहे. तिला त्या बुरशीच्या जनुकक्रमाची आधी माहिती असावी लागत नाही, साधे पीसीआर यंत्र आणि जेल पुरते, आणि निकाल एका दिवसात मिळतो. दहा अक्षरांचा (डीएनएच्या घटकांना आम्ही अक्षरे म्हणतो) एक छोटा प्रायमर कमी तापमानाला डीएनएवर जिथे जमेल तिथे चिकटतो आणि पट्ट्यांची एक रांग तयार होते. दुखणे या ‘जिथे जमेल तिथे’मध्येच आहे. डीएनए थोडे कमी-जास्त पडले, मॅग्नेशियमचे प्रमाण हलले, एन्झाइम दुसऱ्या कंपनीचे आले किंवा यंत्र बदलले, तरी पट्टे बदलतात. एका प्रयोगशाळेची आरएपीडी दुसरीच्या आरएपीडीशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. एकाच प्रयोगशाळेत सोमवारच्या आणि गुरुवारच्या जेलची तुलनाही मी छातीठोकपणे करणार नाही. एकाच दिवशी, एकाच जेलवर, अनेक प्रायमर वापरून आणि शेजारी असंबंधित नमुने लावून ही चाचणी केली, तर प्राथमिक चाळणी म्हणून ती चालेल. त्या दिवशी आम्ही असंबंधित नमुना एकही लावला नव्हता. सर्व नमुने संशयितांचेच असतील, तर पट्टे सारखे दिसण्याचे कारण समान वाण आहे की त्या प्रायमरला त्या प्रजातीत भेदच दिसत नाही, हे ठरवता येत नाही.

यातूनच तिसरी आणि माझ्या मते सर्वात गंभीर तक्रार निघते. आपण पद्धतीची भेदक्षमता कधी विचारत नाही आणि आम्ही ती कधी लिहीत नाही. हंटर आणि गॅस्टन यांनी 1988 मध्ये यासाठी एक साधे मापन रूढ केले. लोकसंख्येतून यदृच्छेने उचललेले दोन असंबंधित नमुने त्या पद्धतीने वेगळे दिसण्याची संभाव्यता किती, हे तो आकडा सांगतो. 0.95 किंवा त्याहून अधिक असल्यास टायपिंगचा, म्हणजे वाण ओळखण्याच्या चाचणीचा, निकाल विश्वासाने वापरता येतो, असे साधारणपणे मानले जाते. समजा, एखाद्या पद्धतीचा आकडा 0.90 आहे. कानाला तो उत्तम वाटतो. पण त्याचा अर्थ असा की परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दर दहा जोड्यांपैकी एक जोडी सारखी दिसेल. चार रुग्णांच्या सहा जोड्या होतात, आणि त्यांपैकी किमान एक जोडी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्याच्या जवळ जाते. नाणे उडवून साथीचा तपास केला, असे कोणी सांगितले तर आपली समिती ते मान्य करणार नाही. जेलचे छायाचित्र जोडले की मात्र तेच मान्य होते.

चौथी तक्रार अशी की, कोणती पद्धत वापरायची हे बुरशी पाहून ठरण्याऐवजी प्रयोगशाळेत कोणते यंत्र आहे ते पाहून ठरते. इथे मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण एका बुरशीला लागू पडणारी पद्धत दुसरीला निरुपयोगी ठरते, आणि ही गोष्ट समित्यांपर्यंत पोहोचलेली नाही असा माझा अनुभव आहे.

एमएलएसटी या पद्धतीत सहा-सात ठरावीक जनुकांच्या तुकड्यांचे क्रम वाचतात. अक्षरे ही अक्षरेच असल्यामुळे एका देशात वाचलेला क्रम दुसऱ्या देशातल्या क्रमाशी निर्धास्तपणे ताडता येतो, हा तिचा मोठा गुण आहे. कँडिडा अल्बिकन्ससाठी 2003 मध्ये सात जनुकांचा संच सर्वसंमतीने ठरला आणि तो चांगला चालतो, मात्र अल्बिकन्समध्ये काही वंश-गट जगभर फार मोठ्या प्रमाणात पसरलेले असल्याने ‘दोन्ही रुग्ण एकाच गटातले’ एवढ्या विधानाला वजन नाही. शिवाय अल्बिकन्स बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातून येते. कँडिडा ग्लॅब्राटासाठी सहा जनुकांचा संच आहे. पण पॅराप्सिलोसिसच्या जनुकांत इतका थोडा फरक असतो की एमएलएसटी तिथे जवळजवळ आंधळी ठरते आणि मायक्रोसॅटेलाइटच वापरावे लागतात. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटससाठी एमएलएसटी आहे, पण तिच्यापेक्षा 2005 पासून वापरात असलेली एसटीआरएएफ ही नऊ मायक्रोसॅटेलाइट खुणांची पद्धत कितीतरी तीक्ष्ण आहे. तिची भेदक्षमता 0.99 च्या वर मोजली गेली आहे.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे दोन, तीन किंवा चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेली जागा. तिथे पेशी आपल्या डीएनएची नक्कल करताना अडखळते, एखादी आवृत्ती कमी-जास्त होते, म्हणून वाणागणिक आवृत्त्यांची संख्या बदलते. निकाल आकड्यांत मिळतो, दिवस-दोन दिवसांत मिळतो, आणि साध्या साथीच्या तपासासाठी ही पद्धत मला आजही सर्वांत व्यवहार्य वाटते. तिची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. तुकड्याची लांबी मोजणारी दोन यंत्रे एकाच तुकड्याची लांबी किंचित वेगळी दाखवतात. ज्ञात आवृत्त्यांचा मानक नमुना प्रत्येक वेळी सोबत धावला नाही, तर एका प्रयोगशाळेचा ‘14’ दुसरीकडे ‘15’ होतो आणि एकाच वाणाचे दोन वाण होतात.

गुणसूत्रे जेलमध्ये वेगळी करणारी पीएफजीई आणि डीएनए कापून ठरावीक तुकडे शोधणारी आरएफएलपी यांनी एके काळी उत्तम काम केले. आज त्या फारशा कोणी करत नाही, आणि ग्लॅब्राटासारख्या बुरशीत गुणसूत्रांचे आकार इतक्या सहज बदलतात की एका वाणाची भावंडेही परकी दिसू शकतात. मी त्यांवर अधिक लिहीत नाही.

कँडिडा ऑरिसने मात्र हे सगळे आडाखे मोडले. जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून मिळालेली ही प्रजाती 2009 मध्ये प्रथम वर्णिली गेली. नेहमीच्या स्वयंचलित यंत्रांनी तिला बराच काळ कँडिडा हेम्युलोनी म्हणून ओळखले, म्हणजे प्रजातीच चुकली आणि वाणाचा प्रश्न पुढेच राहिला. दिल्लीतील दोन रुग्णालयांतल्या 12 रुग्णांचे 2009 ते 2011 मधले नमुने एमएलएसटी आणि एएफएलपी (डीएनए कापून तुकड्यांची रांग ताडणारी) या पद्धतींनी तपासले, तेव्हा ते एकाच वंशाचे आणि जपान-कोरियाच्या नमुन्यांहून वेगळे दिसले. पुढे पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला येथील 54 रुग्णांच्या माहितीचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनातून असे दिसले की वेगवेगळ्या भूभागांतले गट एकमेकांपासून हजारो अक्षरांनी दूर आहेत, पण एका गटाच्या आत फरक अत्यल्प आहे. याचा रुग्णालयासाठी अर्थ काय? दोन खाटांवरचे ऑरिस एकाच गटातले आहेत एवढे सांगणारी कोणतीही पद्धत त्या दोन खाटांबद्दल काहीच सांगत नाही, कारण त्या भूभागातले बहुतेक ऑरिस त्याच गटातले असतात. ऑरिससाठी 12 खुणांची मायक्रोसॅटेलाइट पद्धत 2020 पासून उपलब्ध आहे आणि दोन नमुने परस्परांशी संबंधित नाहीत हे दाखवायला ती उपयोगी पडते. संबंध आहे असे म्हणायचे असेल, तर संपूर्ण जनुकसंच वाचण्याला पर्याय नाही, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये 19 बुरशींची प्राधान्ययादी काढली, तिच्या सर्वोच्च गटात ऑरिस, अल्बिकन्स आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस तिन्ही आहेत. तेव्हा हा विषय दुर्मीळ रोगांचा आहे, असे आता कोणी म्हणू शकत नाही.

संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे सामर्थ्य किती, ते अमेरिकेतल्या 2012 च्या साथीत दिसले. दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे तिथे 753 लोक आजारी पडले आणि 64 दगावले. मुख्य दोषी बुरशी होती एक्सरोहिलम रोस्ट्रॅटम, जी माणसात इतकी क्वचित आढळे की तिच्यासाठी तयार टायपिंग पद्धतच नव्हती. रुग्ण आणि औषधाच्या कुप्या मिळून 22 नमुन्यांचे जनुकसंच वाचले गेले आणि त्यांतल्या कोणत्याही दोघांत दोनपेक्षा जास्त अक्षरांचा फरक निघाला नाही. साथीशी संबंध नसलेले नमुनेही शेजारी वाचले होते, आणि ते लाखाहून अधिक अक्षरांनी दूर निघाले. ‘दोन’ या आकड्याला अर्थ आला तो त्या परक्या नमुन्यांमुळे.

म्हणूनच माझी पाचवी तक्रार नव्या यंत्रांबद्दल आहे, जुन्यांपुरती ती मर्यादित नाही. ज्या प्रयोगशाळांत आता सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकसंचाचे वाचन, सुरू झाले आहे, तिथल्या अहवालांत ‘नमुन्यांत इतक्या अक्षरांचा फरक, म्हणून संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला’ अशी वाक्ये येऊ लागली आहेत. हा उंबरठा कोणी ठरवला? संदर्भ म्हणून कोणता जनुकसंच घेतला, प्रत्येक जागा किती वेळा वाचली, संशयास्पद जागा कोणत्या नियमाने गाळल्या, यावर फरकाचा आकडा हलतो. सर्व बुरशींना लागू पडेल असा एकच उंबरठा अस्तित्वात नाही. अल्बिकन्समध्ये तर प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि एका घटनेत गुणसूत्राच्या मोठ्या भागावरची विविधता पुसली जाऊन असंख्य जागा एकदम बदललेल्या दिसू शकतात. तिथे नुसती अक्षरे मोजली, तर एकाच रुग्णाचे दोन नमुने दूरचे वाटतील. आरएपीडीच्या पट्ट्यांवर जो आंधळा विश्वास होता, तो मोठ्या खर्चाने आपण दुसऱ्या पडद्यावर नेला आहे, अशी मला भीती वाटते.

सहावी तक्रार इमारतींच्या बांधकामासंबंधी आहे आणि ती समजून घेण्यासाठी मी आपल्याकडे थोड्या संयमाची विनंती करते. अतिदक्षता किंवा रक्तकर्करोग विभागाजवळ तोडफोड सुरू असताना तीन-चार रुग्णांना अ‍ॅस्परजिलसची लागण होते, नमुन्यांचे टायपिंग होते, प्रत्येकाचा वाण वेगळा निघतो आणि ‘समान स्रोत नाही, सबब बांधकामाचा संबंध नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा तर्काला धरून नाही. या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, हवेत सतत तरंगतात आणि एकाच धुळीत त्यांचे अनेक वाण एकत्र असतात. एकाच फटीतून आलेल्या हवेने चार रुग्णांना चार वेगळे वाण मिळणे हे अगदी स्वाभाविक आहे. इथे वाण वेगळे निघाले म्हणून हवेची गाळणी, दाबातला फरक आणि पडद्यांच्या फटी निर्दोष ठरत नाहीत. कँडिडाच्या साथीत ‘जुळले’ या निकालाचा गैरवापर होतो, तर अ‍ॅस्परजिलसच्या साथीत ‘जुळले नाही’ या निकालाचा, आणि दोन्हीकडे तपास वेळेआधी संपतो.

याच ओघात सांगते की आम्ही बहुतेक वेळा प्लेटवरची एकच वसाहत (बुरशीच्या वाढीचा एक ठिपका) उचलतो. रुग्णाच्या अंगावर किंवा हवेच्या प्लेटवर दोन-तीन वाण एकत्र नांदत असतील, तर कोणता हाती लागेल हा नशिबाचा भाग होतो. त्या परिचारिकेच्या हातावरची एकच वसाहत तपासली गेली होती. त्यामुळे तिच्याविरुद्ध पुरावा नाही एवढेच आज मी म्हणू शकते. तिच्या हातावर दुसरा वाण नव्हताच, असे मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि जे सांगता येत नाही ते तिच्या सेवापुस्तकात कोणत्याच बाजूने जाऊ नये.

टायपिंग कसे वापरावे, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण ऑक्सफर्डच्या एका मज्जासंस्था अतिदक्षता विभागाचे आहे. तिथे 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांत कँडिडा ऑरिस सापडली. संसर्ग नियंत्रणाचे नेहमीचे अनेक उपाय करूनही नवे रुग्ण येत राहिले. मग संशोधकांनी कोणत्या रुग्णांवर कोणती उपकरणे वापरली गेली याचा हिशेब मांडला आणि काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापक प्रोबकडे बोट गेले. प्रोबवर ऑरिस सापडली, जनुकसंचाच्या वाचनाने रुग्ण आणि उपकरणे यांच्यातला संबंध पक्का केला आणि प्रोब काढून टाकल्यावर नव्या रुग्णांची संख्या खाली आली. इथे क्रम ध्यानात घ्यावा. खाटा, तारखा आणि उपकरणे यांची नोंदवही आधी बोलली, डीएनएने तिला दुजोरा दिला. आमच्या विभागात ती नोंदवही उघडलीच गेली नाही. दोन बाळांना एकाच आठवड्यात कोणते शिरेतले पोषणद्रव्य मिळाले, कोणते कॅथेटर लागले, हे कोणी विचारले नाही, कारण जेल बोलून गेले होते.

आता माझ्या मागण्या.

समित्यांकडे माझी पहिली मागणी ही आहे की, साथीच्या तपासात गोळा केलेली कोणतीही बुरशी किमान पाच वर्षे राखून ठेवावी आणि ज्या तपासात एखाद्या व्यक्तीवर कारवाई झाली आहे, त्यातले नमुने ती कारवाई अंतिम होईपर्यंत कोणत्याही परिस्थितीत नष्ट करू नयेत. फ्रीझरची जागा ही खरी अडचण आहे, मी ती रोज सोसते. पण एका साथीच्या सगळ्या नळ्या तळहाताएवढ्या पेटीत मावतात.

दुसरी मागणी: केवळ टायपिंगच्या निकालावरून कोणत्याही कर्मचाऱ्यावर कारवाई करू नये. हातावर बुरशी असणे हा गुन्हा नाही, आणि हातावरचा व रुग्णाचा वाण जुळला तरी हाताकडून रुग्णाकडे गेला की रुग्णाकडून हाताकडे आला, हे डीएनए सांगत नाही. अशी कारवाई होणार ह्या भीतीने लोक हातांचे नमुने द्यायला कचरू लागले, तर पुढच्या साथीत आपल्याला काहीच सापडणार नाही.

प्रयोगशाळांकडे, म्हणजे माझ्याकडेही, मागणी आहे की प्रत्येक टायपिंग अहवालात पद्धतीचे नाव, त्या प्रजातीसाठी तिची ज्ञात भेदक्षमता, किती वसाहती तपासल्या, आणि सोबत कोणते असंबंधित नमुने लावले हे लिहावे. असंबंधित नमुने त्याच रुग्णालयातले, त्याच प्रजातीचे, पण वेगळ्या काळातले आणि वेगळ्या विभागातले असावेत. ते उपलब्ध नसतील, तर अहवालात ‘एकच वाण’ हे शब्द वापरू नयेत. सिक्वेन्सिंग असल्यास संदर्भ जनुकसंच आणि गाळणीचे नियमही लिहावेत, आणि एकाच रुग्णाच्या दोन नमुन्यांत किती फरक निघाला हा आकडा शेजारी द्यावा, म्हणजे दोन रुग्णांतल्या फरकाला मोजपट्टी मिळेल.

पद्धत निवडताना पॅराप्सिलोसिस आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटससाठी मायक्रोसॅटेलाइट, अल्बिकन्स आणि ग्लॅब्राटासाठी एमएलएसटी किंवा मायक्रोसॅटेलाइट, आणि ऑरिससाठी व तयार पद्धत नसलेल्या दुर्मीळ बुरशींसाठी संपूर्ण जनुकसंच, एवढा क्रम तरी पाळावा. पहिल्या पद्धतीने जे नमुने जुळतील, तेवढेच पुढे सिक्वेन्सिंगला पाठवले तर खर्च आटोक्यात राहतो. सगळेच नमुने सर्वांत महागड्या यंत्रातून काढावेत, असा माझा आग्रह नाही. आरएपीडीचा निकाल मात्र यापुढे अंतिम अहवाल म्हणून स्वीकारू नये.

शेवटची मागणी फक्त आमच्या समितीला आहे. त्या चार बाळांचा तपास पुन्हा उघडावा, मायक्रोसॅटेलाइटचा निकाल इतिवृत्तात नोंदवावा, परिचारिकेच्या सेवापुस्तकातली नोंद रद्द करावी आणि तसे तिला लेखी कळवावे. माझा पहिला अहवाल मी मागे घेत असल्याचे पत्र मी आजच समितीकडे स्वतंत्रपणे दिले आहे. त्यातून माझ्यावर जी जबाबदारी येईल ती मला मान्य आहे.

परिपत्रकातली मुदत येत्या महिनाअखेरीस संपते. पाचही नळ्या आज सकाळी मी मोजून पाहिल्या आहेत. त्या फ्रीझरच्या तिसऱ्या कप्प्यात आहेत आणि पेटीवर ‘नष्ट करू नये’ अशी चिठ्ठी माझ्या सहीनिशी लावली आहे. ती चिठ्ठी काढायची असल्यास कृपया लेखी आदेश द्यावा आणि त्यात कारण नमूद करावे.

आपली नम्र,
बुरशीच्या टेबलावरची एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ